उशाशी कोण बसते?

एखादा माणूस जरा विक्षिप्तपणे वागू लागला की आपल्याकडे म्हणतात, "ह्याला ठाण्याला पाठवायला हवे." बोलणारा पुणेकर असेल तर तो ठाण्याऐवजी येरवडा म्हणेल. बदली होऊन आम्ही दिल्लीस आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कचेरीतल्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याला हसत हसत आग्र्यास जाण्याचा सल्ला दिलेला ऐकला. तो ताजमहालाविषयी बोलत असावा असे आम्ही भाबडेपणाने समजलो. पुढे उलगडा झाला की आपल्या ठाण्या-येरवड्याचा उत्तरेकडील अवतार म्हणजे आग्रा, आणि बोलणारा बिहारकडचा असेल तर रांची. गावे निराळी, भाषा निराळ्या, थट्टा मात्र एकच. मनाच्या आजारावर लोकांना जो पहिला उपाय सुचतो तो म्हणजे माणसाला गावाबाहेर पाठवणे, ही गोष्ट ह्या थट्टेतून जितकी उघड होते तितकी एखाद्या सरकारी अहवालातूनही होत नसेल.

पण तिथे पोहोचल्यावर त्या माणसाच्या उशाशी कोण बसते, हा प्रश्न थट्टा करणाऱ्यास पडत नाही. डॉक्टर येतात, पाहतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. नातेवाईक भेटीच्या वेळेपुरते येतात. पुष्कळदा तेवढेही येत नाहीत. रात्री दोन वाजता जेव्हा रोग्याला भलतेच काही दिसू लागते, तेव्हा जागी असते ती परिचारिका. ह्या जागणाऱ्या बाईला आपण काय शिकवले, तिला कोणता मान दिला आणि तिच्या स्वतःच्या मनाची कोणी चौकशी केली काय, ह्या तीन प्रश्नांचा इतिहास राजधानीत बराचसा घडला आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटाही थोडाथोडका नाही. तोच इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

प्रारंभ थोडा मागून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीतील सेंट स्टीफन्स मिशनच्या स्त्रियांनी येथील मुलींना शुश्रूषेचे धडे देण्यास आरंभ केला. तिकडे मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत नावाची बाई परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आली. अशा शिक्षणासाठी आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात तिची नोंद आहे. तिच्याविषयी ह्या एका ओळीपलीकडे फारसे सांगितले जात नाही. तरी त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे, विटाळ-चांडाळाचे सगळे नियम मोडणारे काम एका बाईने आपण होऊन पत्करले, ह्याला काय धैर्य लागले असेल त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ह्या कामाची अडचण अज्ञानाइतकीच अप्रतिष्ठेचीही होती. मलमूत्र उपसणे हे ठरावीक जातींचे काम, रात्री घराबाहेर राहणे हे अब्रूदार बाईला न शोभणारे, आणि रोग्याचे अंग पुसणे हे तर बोलायलाच नको. अशा समजुतींच्या भिंती ह्या धंद्याभोवती उभ्या होत्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे ह्यांनी सेवासदन काढले आणि पुढील काही वर्षांतच त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत केशवपनाच्या आणि माजघराच्या जगातून आलेल्या उच्चवर्णीय विधवाही होत्या. ज्या बाईचे दर्शन शुभकार्यात अशुभ मानले जाई, तिच्याच हाती रोग्याचे प्राण सोपवण्याची ही योजना होती. समाजाने टाकलेली बाई आणि समाजाने टाकलेले काम ह्यांची गाठ घालून रमाबाईंनी दोघांनाही प्रतिष्ठा मिळवून देण्याचा यत्न केला. समता हा शब्द तेव्हा इतका प्रचारात नव्हता, पण त्याचा अर्थ ससूनच्या वॉर्डांत तेव्हापासून शिकवला जात होता असे म्हणण्यास हरकत नाही.

आता दिल्लीकडे वळू. दुसरे महायुद्ध चालू असता १९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यास एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे गृहस्थ मूळ आपल्याकडचे. जन्म १८७८ साली नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर लंडनला, आणि पुढची सारी हयात सनदी नोकरीत. मधली काही वर्षे ते कोचीन संस्थानचे दिवाण होते, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. ट्रंका बांधून गावोगाव फिरण्यात आयुष्य गेलेल्या ह्या नाशिककराने १९४६ साली चार खंडांचा जो अहवाल सादर केला, त्यावर स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घातला गेला.

त्या अहवालातील आकडे आजही वाचणाऱ्यास थांबवतात. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा डॉक्टर होते सुमारे ४७,५०० आणि परिचारिका अवघ्या ७,०००. म्हणजे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. जवळजवळ सात डॉक्टरांमागे एक नर्स, असा हा उलटा डोलारा होता. औषध लिहिणारे हात थोडे होते, पण ते औषध वेळेवर पाजणारे हात त्याहूनही थोडे होते. १९७१ सालापर्यंत ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी, असे उद्दिष्ट समितीने पुढे ठेवले. परिचारिकांचा तुटपुंजा पगार, राहण्याची गैरसोय आणि कामाचे ओझे ह्यांबद्दलही तिने स्पष्ट नापसंती व्यक्त केली.

त्याच अहवालात दुसरे एक प्रकरण आहे. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर ह्यांच्याकडून समितीने देशातील मनोरुग्णालयांची पाहणी करवली. इंग्लंडात ३०० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. आपल्याकडे ती ४०,००० लोकांमागे एक होती. शिवाय ज्या इमारती होत्या, त्या माणूस बरा व्हावा म्हणून बांधलेल्या नसून तो पळून जाऊ नये म्हणून बांधलेल्या आहेत, असाच त्या पाहणीचा निष्कर्ष होता. ४३,००० मागे एक परिचारिका आणि ४०,००० मागे एक खाट! हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ यावेत हा योगायोग खरा. पण परिचारिकेची उपेक्षा आणि मनोरुग्णाची उपेक्षा ह्या एकाच घरच्या दोन बहिणी आहेत, हे त्या योगायोगाने आमच्या मनात कायमचे ठसवले. दोघींचेही काम नजरेआड चाललेले असते, आणि जे नजरेआड असते त्याला अंदाजपत्रकात शेवटची ओळ मिळते.

अहवाल आला त्याच वर्षी, म्हणजे १९४६ साली, नवी दिल्लीत परिचर्या महाविद्यालय सुरू झाले आणि दिल्ली विद्यापीठाने परिचर्येची पदवी देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही असाच अभ्यासक्रम निघाला. दिल्लीच्या महाविद्यालयाची सुरुवातीची वर्षे मार्गारेटा क्रेग ह्या प्राचार्याबाईंच्या हाताखाली गेली. रुग्णालयाला बिनपगारी मनुष्यबळ पुरवणारी शाळा, असे परिचर्येच्या शिक्षणाचे जे रूप रूढ होते, त्याहून हे निराळे होते. येथे विद्यार्थिनी ही आधी विद्यार्थिनी होती. शरीरशास्त्राबरोबर तिने मानसशास्त्र शिकावे, वॉर्डाबरोबर वस्ती पाहावी, आणि चार वर्षांनी इतर कोणत्याही पदवीधराप्रमाणे पदवीदान समारंभात उभे राहावे, अशी ही योजना होती.

"भांडी उचलायला पदवी कशाला?" असे तेव्हा पुष्कळांनी विचारले, आणि विचारणारे सगळेच अडाणी नव्हते. ह्या प्रश्नाचे उत्तर कृतीने देण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्या राजकुमारी अमृत कौर. १९४७ ते १९५७ अशी दहा वर्षे त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९५० साली जागतिक आरोग्य परिषदेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील ही बाई वर्षानुवर्षे गांधीजींच्या सहवासात राहिली, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात शुश्रूषा ही काय वस्तू आहे ते तिने जवळून पाहिले. महारोगाने जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमाच्या दाराशी आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल चोळले, ही हकीकत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्या मालिशाने शास्त्रीबुवांच्या रोगाला किती उतार पडला हे वैद्यांनी सांगावे. आपण टाकून दिलेले नाही आहोत एवढे त्यांच्या मनास समजले, आणि मनाची शुश्रूषा म्हणतात ती हीच.

राजकुमारींनी शुश्रूषेचा हा आदर्श मंत्रालयात नेला, आणि आदर्शाला नियमांची जोड हवी हेही त्या जाणून होत्या. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांतीच्या शिक्षणाला एक माप लागले. केंद्रीय आरोग्य महासंचालनालयात मुख्य परिचर्या अधीक्षकाच्या जागी कुमारी टी. के. अद्रनवाला आल्या आणि परिचारिकांच्या प्रश्नाला सचिवालयात स्वतःचे मेज मिळाले. सचिवालयात मेज असणे म्हणजे काय, हे ह्या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगायला नको. १९५४ साली मद्रासचे आरोग्यमंत्री ए. बी. शेट्टी ह्यांच्या अध्यक्षतेखाली परिचारिकांच्या नोकरीच्या अटी आणि वेतन तपासण्यास समिती बसली. १९५९ साली दिल्लीच्या महाविद्यालयात परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तो देशातला पहिला. पुढे ह्या महाविद्यालयाला राजकुमारींचेच नाव देण्यात आले. राजकुमारींनी आपले सिमल्याचे घर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला दिले, ते डॉक्टरांना आणि परिचारिकांना सुटीत विसावा मिळावा म्हणून. राजकुमारीच्या हवेलीत नर्सने चार दिवस पाय पसरून पडावे, ही कल्पना आम्हांला त्यांच्या अनेक भाषणांपेक्षा बोलकी वाटते. शुश्रूषा करणाऱ्यालाही शुश्रूषेची गरज असते हे त्यांनी ओळखले होते.

ह्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एका परिचर्या-शिक्षिकेने दोन्ही प्रश्नांची सांगड शास्त्राच्या भाषेत घातली. अमेरिकेतील हिल्डेगार्ड पेप्लाव ह्या बाईंनी, परिचारिका आणि रोगी ह्यांचे नाते हाच उपचाराचा एक भाग आहे, असा सिद्धान्त मांडणारा ग्रंथ लिहिला. हस्तलिखित १९४८ साली तयार होते, पण एका नर्सने कोणा डॉक्टराचे नाव सहलेखक म्हणून न घालता ग्रंथ काढावा, हे प्रकाशनाच्या जगाला फारच धाडसाचे वाटले. पुस्तक बाहेर पडण्यास १९५२ साल उजाडले. मनोरुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे असे सांगणाऱ्या बाईचे म्हणणेच चार वर्षे कोणी ऐकून घेतले नाही! ह्या एका हकिकतीत आमच्या लेखाचे सारे म्हणणे आले आहे. ज्या परिचारिकेला स्वतःचा आवाज नाही, तिने दुसऱ्याच्या मनातला आवाज ऐकावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आपल्याकडे भोर समितीच्या शिफारशीनुसार १९५४ साली बंगळुरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९५६ साली तेथे मनोविकार-परिचर्येची पदविका सुरू झाली. साठीच्या दशकात परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय आवश्यक झाला, आणि पुढे दिल्लीच्या महाविद्यालयातही त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. वर्गात हे चालले असता प्रत्यक्ष राजधानीत मनोरुग्णाची व्यवस्था काय होती? फाळणीने लाहोर पलीकडे गेले. १९५० च्या सुमारास दोन्ही देशांनी मनोरुग्णांचीही देवाणघेवाण केली आणि लाहोरच्या रुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले. मंटोची 'टोबा टेकसिंह' ही कथा ज्या घटनेवर उभी आहे ती हीच. त्या अमृतसरच्या रुग्णालयात पुढे डॉ. विद्यासागर ह्यांनी एक अभिनव प्रयोग केला. रुग्ण अफाट आणि सेवक अपुरे, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांनाच आवारात तंबू ठोकून राहण्यास सांगितले. आई, भाऊ, बायको उशाशी बसली, आणि रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले. अडचणीतून निघालेल्या ह्या वाटेने पुढे वेल्लोर-बंगळुरासही धडा दिला. उशाशी बसण्यात औषधाचा गुण आहे, हे पंजाबातल्या तंबूंनी सिद्ध केले होते.

दिल्लीत शाहदऱ्याला मनोरुग्णालय निघाले ते १९६६ साली. दुर्दैवाने ते लवकरच जुन्या वळणावर गेले. तेथील दुःस्थितीची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर १९९३ साली त्याचे रूपांतर मानवी वर्तन आणि संबद्ध विज्ञान संस्थेत झाले. दिल्लीकर तिला 'इहबास' म्हणतात. कुलुपाच्या जागी शिक्षण आणि संशोधन आले. तथापि राजधानीत परिचर्येची पदवी मिळू लागल्यानंतर मनोरुग्णाच्या वॉर्डाला न्याय मिळण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली, ही वजाबाकी विसरता येत नाही.

येथे एक घरगुती अनुभव सांगण्याची परवानगी घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांवर दिल्लीतील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. वय झालेल्या माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असे होते, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. वाईच्या घाटावर आपले कपडे राहिले आहेत, ते आणायला जायचे आहे, असे ते मराठीत पुन्हा पुन्हा म्हणू लागले आणि हाताची सुई ओढू लागले. दिल्लीत तीस वर्षे काढून झकास हिंदी बोलणारा तो माणूस त्या रात्री हिंदीचा एक शब्दही बोलेना. वॉर्डातील रात्रपाळीची नर्स केरळची. तिला मराठी येत नव्हते. तिने खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात धरला आणि आम्हांला हळूच विचारले, "हे काय मागताहेत?" आम्ही सांगितले. मग ती तासभर त्यांना 'घाट' आणि 'कपडे' हे दोनच शब्द मान डोलावत म्हणत राहिली. पहाटे ते झोपले. तिच्याकडे त्या रात्री सबंध वॉर्ड होता, आणि आमच्यासाठी घालवलेला तो तास तिने इतर कामांतून ओरबाडून आणला होता. सकाळी आम्ही आभार मानले तेव्हा ती म्हणाली की तिचे वडीलही त्याच वयाचे आहेत आणि तिला रजा मिळून दोन वर्षे झाली. त्यावर आम्हांला काही बोलता आले नाही.

भाषेचा आणि मनाचा संबंध किती आतला आहे, हे परप्रांतात मासिक चालवणाऱ्या आपणां लोकांस वेगळे सांगायला नको. तरीही २०२१ च्या जून महिन्यात दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिकांनी कामावर असता मलयाळम बोलू नये, हिंदी-इंग्रजीच बोलावे, असे परिपत्रक निघाले. गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले गेले. रुग्णाशी त्याला कळेल त्या भाषेत बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. पण साथीच्या त्या भीषण उन्हाळ्यात, जेव्हा श्वास गुदमरलेल्या माणसांच्या रांगांमधून ह्या मुली दिवसरात्र वावरत होत्या, तेव्हा दोन मैत्रिणींनी एकमेकींशी मायबोलीत चार शब्द बोलणे हेच त्यांच्या मनाचे औषध असेल, हे परिपत्रक काढणाऱ्याच्या ध्यानी आले नाही. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात पाऊल टाकताच मराठी कानी पडून जिवाला जे बरे वाटते, ते आठवणाऱ्याला हे समजायला हरकत नसावी.

योगायोग असा की २०२० हे साल जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे आणि सुइणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला तेव्हा दोनशे वर्षे होत होती. त्या वर्षी लोकांनी गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या, आणि त्याच दिवसांत रुग्णालयात काम करणाऱ्यांना घरमालक जागा सोडायला सांगतात अशाही तक्रारी राजधानीत आल्या. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा ठरवणारा वटहुकूम एप्रिलमध्ये काढावा लागला. थाळी वाजवणे सोपे असते. पगाराचा प्रश्न मात्र त्याआधीच न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत आदेश दिला. त्यानुसार नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावे, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर ते सरकारी वेतनाइतके असावे, असे सुचवले. २०१८ साली दिल्ली सरकारने त्या शिफारशी लागू करण्याचा आदेश काढला. त्याला आव्हान दिले गेले, आणि २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. १९४६ साली मान्य झालेली प्रतिष्ठा पगाराच्या पावतीवर उमटावी म्हणून सत्तर वर्षांनी न्यायालयात उभे राहावे लागले.

इतिहास सगळाच निराशेचा नाही. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच 'वेडे' होते. २०१७ च्या कायद्याचे नाव मानसिक आरोग्यसेवेचे आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्यात मनोविकार-परिचारिकेची मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकांत गणना आहे, आणि केंद्रीय प्राधिकरणात पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या अशा एका परिचारिकेला जागा राखलेली आहे. ज्या बाईने आजवर पडद्याच्या कडेला उभे राहून डॉक्टरांची वाट पाहिली, ती मेजाशी बसून मत देऊ शकेल असे कायदा म्हणतो. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागीही संसदेने २०२३ साली नवा कायदा संमत केला आहे.

आकडेही पालटले आहेत. २०२२ च्या सुमारास सरकारने संसदेस सांगितले की देशात ३३ लाखांहून अधिक परिचारिका नोंदलेल्या आहेत, म्हणजे हजार लोकांमागे सुमारे दोन. भोर समितीने १९७१ साठी मागितलेले प्रमाण ते हेच, ५०० मागे एक. नाशिककराचे उद्दिष्ट पन्नास वर्षांच्या उशिराने का होईना, निदान नोंदवहीत पुरे झाले. नोंदवहीत म्हणण्याचे कारण असे की नोंदलेल्यांपैकी कित्येकजणी आखातात आणि विलायतेत आहेत, आणि कित्येकींनी हे काम सोडले आहे. मनोविकारांच्या बाबतीत मात्र नोंदवहीतही समाधान नाही. बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक लोकांना उपचारांची गरज असलेला मानसिक त्रास आढळला. त्यांतील बहुसंख्यांना कोणताही उपचार मिळत नव्हता. मनोरुग्णसेवेतील परिचारिका लाख लोकांमागे एकदेखील भरत नव्हती.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही सरकारी नोकर. आपल्या हाती काही नसते असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. परंतु हा इतिहास पाहता असे दिसते की ह्यातील पुष्कळसे काम आपल्यासारख्यांच्याच मेजावर घडले आणि पुष्कळसे तेथेच अडले. सात हजारांचा आकडा जगापुढे मांडणारा भोर हा परमुलुखात नोकरी करणारा माणूस होता. परिचारिकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, रात्रपाळीला एका वॉर्डात किती माणसे, त्यांच्या वसतिगृहाला पाणी आहे का, घरापासून दोन हजार किलोमीटरवर असलेल्या मुलीची रजा कोणत्या कारणाने नामंजूर झाली, हे कागद आजही कोणाच्या तरी सहीची वाट पाहत पडलेले असतात. त्यांतला एखादा वाचकांपैकी कोणापुढे येईल. तेव्हा त्याने तो खाली सरकवू नये, एवढेच आमचे मागणे.

आमचे ते वडीलधारे गृहस्थ बरे होऊन घरी आले. त्या रात्रीचे त्यांना काहीच आठवत नव्हते. फक्त एकदा ते म्हणाले, "त्या घाटावर एक मुलगी होती बघ. तिला सगळे कळत होते." आम्ही त्यांचा भ्रम दूर केला नाही, त्यांचे म्हणणे आम्हांला खरेच वाटले.